दंडारीचा व्हिडिओ घरच्या संगणकावर अडकत चालतो, नेमकं काय बदलायचं?

वैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. मी साकोली तालुक्यातला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, हे इथल्या पूर्व विदर्भातल्या लोकांना सांगायला नको. यंदा आमच्या गावच्या मंडईला रात्री दंडार, म्हणजे आमच्याकडचा पारंपरिक लोकनाच, झाली आणि भाच्यानं ती त्याच्या नव्या मोबाइलवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिपली. फोर-के, ६० फ्रेमचं चित्रीकरण आहे. मोबाइलवर पाहिलं की मन भरतं. तेच घरच्या संगणकावर लावलं की पार विचका होतो. आवाज सरळ चालतो, चित्र मागं राहतं, मग एकदम उडी मारून पुढं येतं. मध्येच पडदा करडा पडतो आणि माणसं त्या करड्यातून पुसटशी हलताना दिसतात. दंडारीत सगळी गंमत पायांची आणि ढोलकीची. इथं थाप पडून जाते आणि पाऊल वरच अडकलेलं दिसतं. गावातले जुने दंडारकरी, काही सत्तरीपुढचे, भेटले की विचारतात, "लावलं का रे बापू मोठ्या पडद्यावर?" त्यांना मोबाइलच्या एवढ्याशा काचेत दाखवायचं जिवावर येतं.

संगणक असेंबल केलेला आहे. इंटेल आय-३ दुसऱ्या पिढीचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, मॉनिटर फुल एचडी. व्हीएलसी प्लेअरमध्ये पाहतो. जुने ७२०पी व्हिडिओ मस्त चालतात. तालुक्यातला दुकानदार म्हणतो, डबा भंगारात काढा आणि नवा घ्या. धानाचे चुकारे अजून हातात आले नाहीत, त्यामुळे नवा संगणक सध्या जमणार नाही. कमीत कमी खर्चात काय बदललं तर हा व्हिडिओ नीट चालेल?

सावजी_रस्सा
रॅम वाढवा. ४ जीबीत आजकाल ब्राउझरसुद्धा नीट बसत नाही.

जुना_मदरबोर्ड
वैनगंगाकाठ, अजून एक रुपयाही खर्च करू नका. आधी दोन गोष्टी पाहून इथं लिहा.

व्हिडिओ चालू असताना व्हीएलसीत कंट्रोल आणि जे दाबा. एक खिडकी उघडेल. त्यात 'कोडेक' समोर काय लिहिलंय, रिझोल्यूशन किती, फ्रेम रेट किती, ते उतरवून घ्या. त्याच खिडकीत 'स्टॅटिस्टिक्स' नावाचा कप्पा आहे, तिथं 'लॉस्ट' फ्रेमचा आकडा वाढत जातो का ते पाहा.

दुसरं म्हणजे टास्क मॅनेजर उघडून व्हिडिओ चालताना सीपीयू किती टक्के आणि डिस्क किती टक्के, तेही सांगा. एवढं कळल्यावर पुढचं बोलू. दुखणं कुठं आहे ते न पाहता रॅम घालणं म्हणजे पैसे वाया.

कापूसकोंडा
धूळ तपासा आधी. मी हिंगणघाटकडचा. घराजवळ जिनिंग आहे, हंगामात कापसाचे तंतू अक्षरशः हवेत तरंगत असतात. आमचा संगणक व्हिडिओ लावला की पहिली दहा-बारा मिनिटं छान चालायचा आणि मग अडकायला लागायचा. झाकण उघडलं तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, त्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये, कापसाची जाड वाकळ बसलेली. पंखा फिरत होता, पण हवा खाली उतरतच नव्हती. ती वाकळ काढली, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावली, आणि अडकणं बंद.

प्रोसेसरचं तापमान ९५-१०० अंशांच्या आसपास गेलं की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ४५ च्या वर जातात. खोलीतलीच हवा तापलेली असली तर पंखा तरी काय करणार? त्यामुळे उन्हाळ्याआधी एकदा झाकण उघडायचंच, असा आमच्या घरचा नेम आहे.

बैलबंडी
आमच्याकडे पण असाच होत होता जी. मले वाटते व्होल्टेजचा लफडा असन. संध्याकाळी लाइन इतकी कमी येते का बल्ब लाल दिसते.

जुना_मदरबोर्ड
बैलबंडी, व्होल्टेज फार पडलं तर संगणक बंद पडतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. आवाज नीट आणि चित्रच तेवढं मागं, असं व्होल्टेजमुळे होत नाही. तरीही यूपीएस असलेला बरा. हार्ड डिस्कसाठी अचानक लाइन जाणं फार वाईट.

कापूसकोंडा यांनी लाखाची गोष्ट सांगितली आहे, तीही ध्यानात ठेवा: सुरुवातीला नीट आणि मग अडकत असेल तर उष्णता. पहिल्या सेकंदापासून अडकत असेल तर दुसरं काहीतरी.

गोंडवनी
यात माझी एक भर. दर वेळी व्हिडिओच्या अगदी त्याच जागी अडकत असेल तर हार्ड डिस्क किंवा फाइल खराब आहे. माझ्याकडे तसं झालं होतं. मुलीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ, अंगठी घालतानाच थांबायचा आणि डिस्कमधून टक-टक आवाज यायचा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात डिस्कच्या नावाखाली पिवळ्या रंगात 'कॉशन' आलं. त्याच रात्री सगळं दुसऱ्या डिस्कवर काढून घेतलं. असं कोणाला दिसलं तर व्हिडिओ नीट चालवायच्या मागं लागू नका, आधी फोटो आणि कागदपत्रं वाचवा.

आणि पेन ड्राइव्हमधून थेट व्हिडिओ लावू नका. स्वस्तातल्या पेन ड्राइव्ह वाचताना मध्येच ढेपाळतात. आधी डिस्कवर कॉपी करा, मग पाहा.

वैनगंगाकाठ
सगळ्यांचे आभार. पाहिलं.

कोडेकसमोर 'एमपीईजी-एच पार्ट २ / एचईव्हीसी (एच.२६५)' असं लिहिलंय. ३८४० बाय २१६०. फ्रेम रेट ६० च्या किंचित खाली. सीपीयू पूर्ण १०० टक्के, हलतच नाही. डिस्क ५-६ टक्के. रॅम अडीच जीबीच्या आसपास वापरात. लॉस्ट फ्रेमचा आकडा मीटरसारखा पळतोय. अडकणं पहिल्या सेकंदापासून आणि सगळीकडे, ठरावीक जागी नाही. फाइल डिस्कवरच आहे.

जुना_मदरबोर्ड
झालं, निदान झालं. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न गावागावात येऊन राहिला आहे आणि लोक विनाकारण संगणक भंगारात काढताहेत.

व्हिडिओ फाइल म्हणजे दाबून, आवळून ठेवलेली चित्रं. कुठल्या पद्धतीनं आवळलंय त्याला कोडेक म्हणतात. एच.२६४ हा २००३ चा. एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी हा २०१३ चा. नवा कोडेक जवळपास निम्म्या जागेत तेवढंच चित्र बसवतो, म्हणून मोबाइलवाल्यांना तो आवडतो. पण तो उलगडायला मेहनत खूप जास्त लागते.

ही मेहनत दोन ठिकाणी होऊ शकते. एक म्हणजे सीपीयू, तो काहीही उलगडू शकतो पण दमतो. दुसरं म्हणजे ग्राफिक्स चिपमध्ये खास यासाठी बसवलेला छोटा भाग, हार्डवेअर डिकोडर. त्याला आपला कम्बाइन हार्वेस्टर समजा. विळ्यानं दिवस लागतात ते तो तासात करतो, पण ज्या पिकासाठी बनवला तेच कापतो. तुमची दुसरी पिढी २०११ ची. तिच्यातल्या डिकोडरला एच.२६४ येतो. एचईव्हीसी तेव्हा जन्मालाच आला नव्हता, तर येणार कुठून? इंटेलमध्ये एचईव्हीसी पूर्णपणे हार्डवेअरवर चालतो तो सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ पासून. १०-बिट (जास्त रंगछटांचा) एचईव्हीसी आणि यूट्यूबचा कोडेक व्हीपी९ सातव्या पिढीपासून. त्याहून नवा कोडेक एव्ही१ अकराव्यापासून.

आता आकडे पाहा. फोर-के म्हणजे एका चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके. सेकंदाला ६० चित्रं. साधा फुल एचडी ३० फ्रेमचा व्हिडिओ घ्या, त्याच्या आठपट काम झालं हे, आणि तेही अवघड कोडेकमध्ये, आणि तेही दोन कोअरच्या सीपीयूवर. म्हणून १०० टक्के. चित्र वेळेत तयार होत नाही, व्हीएलसी ते टाकून देतो, आणि पुढची चित्रं आधीच्या चित्रांच्या आधारावर बनलेली असल्यामुळे आधारच हरवला की करडा पडदा दिसतो.

डिस्क ५ टक्के आहे, म्हणजे डिस्कचा दोष नाही. असं चित्रीकरण सेकंदाला ५०-६० मेगाबिट धरलं तरी ते सहा-साडेसात मेगाबाइट. जुनी डिस्कही त्याच्या दसपट वाचते. रॅमही भरलेली नाही. म्हणजे रॅम घातली असती तरी दंडार अडकलीच असती. आणि तुमचा मॉनिटर मुळात फुल एचडी आहे. त्यावर फोर-के दिसणारच नाही, एवढी मेहनत करून शेवटी चित्र लहानच करून दाखवायचं आहे.

सावजी_रस्सा
रॅमवाला मुद्दा मागे घेतला बापा. पण एक सोपं सांगू? पेन ड्राइव्ह शेजारच्या स्मार्ट टीव्हीला लावा. फोर-के टीव्हीत एचईव्हीसी उलगडायची सोय असतेच. संगणकाची झंझटच नको.

वैनगंगाकाठ
टीव्ही आमच्याकडे साधा आहे. शेजारी स्मार्ट आहे, विचारून पाहतो. पण फाइल पेन ड्राइव्हवर जातच नाही, जागा असून 'फाइल खूप मोठी आहे' म्हणतो.

गोंडवनी
पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. एक्सएफएटी किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, आधी आतलं सगळं काढून घेऊन. काही टीव्हींना एक्सएफएटी कळत नाही, तेव्हा ज्या टीव्हीवर लावायचं त्यावर एखादी छोटी फाइल टाकून आधी खात्री करा.

गोडबोरी
माझं मत वेगळं आहे. एकदाच ग्राफिक्स कार्ड टाका आणि मोकळे व्हा. जीटी १०३० घ्या, जुनं मिळालं तरी चालेल. ३० वॉटचं कार्ड आहे, वेगळी वायर लागत नाही, जुन्या एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) चालतं. एचईव्हीसी १०-बिट आणि व्हीपी९ दोन्ही हार्डवेअरवर उलगडतं. यूट्यूबचाही प्रश्न सुटेल.

मात्र एक सांगून ठेवतो. दुकानात "तेच आहे, स्वस्त आहे" म्हणून जीटी ७१० गळ्यात मारतात. ते घेऊ नका. त्याच्यात एचईव्हीसीचा डिकोडर नाही. माझ्या मेव्हण्याला एका दुकानदारानं तेच दिलं, आणि व्हिडिओ होता तसाच अडकत राहिला.

पळसपान
गोडबोरी भाऊ, कार्ड उत्तम आहे, नाही म्हणत नाही. पण एका दंडारीसाठी कार्ड? चुकारे यायचे आहेत असं त्यांनी पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय. फाइल बदलून घेतली की फुकटात काम होतं.

मी गडचिरोली जिल्ह्यात शाळेवर आहे. आमच्या वर्गात असाच जुना संगणक आणि प्रोजेक्टर आहे. मुलांचे नाच, सहलीचं चित्रीकरण, सगळं पालकांच्या मोबाइलवरून येतं आणि हल्ली बहुतेक एचईव्हीसी असतं. मी हँडब्रेक नावाचं, फाइलचा कोडेक बदलून देणारं सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे, जाहिराती नाहीत. पद्धत अशी:

फाइल हँडब्रेकमध्ये ओढून सोडा. 'प्रीसेट'मध्ये 'फास्ट १०८०पी३०' निवडा. 'व्हिडिओ'च्या कप्प्यात एन्कोडर 'एच.२६४ (एक्स२६४)' आहे ना ते पाहा. तिथंच एक पट्टी असते, 'आरएफ' लिहिलेली, ती २० ते २२ च्या दरम्यान ठेवा. आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. त्याच कप्प्यात 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा. हे विसरू नका, कारण मोबाइल अंधारात आपल्या मनानं फ्रेम कमी-जास्त करतो आणि नंतर आवाज आणि चित्र हळूहळू एकमेकांपासून सुटतात. रात्रीची दंडार असल्यामुळे तुमच्याकडे हे नक्की असणार.

तुमच्या संगणकाला वेळ लागेल. मोठी फाइल असेल तर रात्रभर, कदाचित जास्त. चालू करून झोपून जा.

बैलबंडी
अन मधातच लाइन गेली त?

पळसपान
अगदी बरोबर विचारलंत. एमपी४ अर्धवट राहिली तर बहुतेक वेळा उघडतच नाही, कारण फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. दोन उपाय आहेत. एक, 'फॉरमॅट'मध्ये एमकेव्ही निवडायचं. अर्धवट एमकेव्ही जिथपर्यंत झाली तिथपर्यंत चालते. दुसरा, मी करते तो: 'रेंज'मध्ये 'चॅप्टर्स'ऐवजी 'सेकंद' निवडून दहा-दहा मिनिटांचे तुकडे रांगेत लावायचे. लाइन गेली तर फक्त चालू तुकडा जातो, आधीचे शाबूत राहतात.

उनाडपाखरू
पळसपान ताई, पद्धत छान. पण ३० फ्रेमला माझा विरोध आहे. मी नागपुरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, नाचाचं चित्रीकरण रोज हाताखालून जातं. भाषण असतं तर ३० काय, २५ फ्रेमही चालल्या असत्या. पण दंडारीत पाय झपझप पडतात. ६० चं ३० केलं की एकाआड एक चित्र गाळलं जातं आणि नेमकी पावलाची सफाई जाते. माझा सल्ला: रिझोल्यूशन खाली आणा, फ्रेम ६० च ठेवा. १०८०पी ६० फ्रेम, एच.२६४. एक मिनिटाचा तुकडा बनवून पाहा. तेही जड गेलं तर ७२०पी ६० फ्रेम करा. दोन-चार हातांवरून नाच पाहायचा तर ७२०पी६० हा १०८०पी३० पेक्षा डोळ्याला जास्त सुखाचा.

पळसपान
हे पटलं. मुलांच्या लेझीमच्या वेळी मलाही काहीतरी खटकत होतं, ते हेच असणार. पुढच्या वेळी ६० ठेवून करते.

सावजी_रस्सा
फोर-के नाही, सफाई हवी. दंडारकऱ्यांना विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं.

झुणका_भाकर
मध्येच विचारतो, रागावू नका. माझा व्हिडिओ अडकत नाही, पण माणूस हलला की त्याच्या कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेघा येतात. बहिणीच्या लग्नाची फाइल आहे, फोटोग्राफरनं दिलेली. हाही कोडेकच का?

उनाडपाखरू
नाही, हे इंटरलेस्ड चित्रीकरण आहे. जुन्या कॅमेऱ्यांत एका चित्राच्या सम आणि विषम रेघा वेगवेगळ्या क्षणी टिपतात. टीव्हीवर जुळतात, संगणकावर कंगवा दिसतो. व्हीएलसीत व्हिडिओ चालू असताना इंग्रजी डी कळ दाबा, डीइंटरलेस चालू होईल. एवढंच.

झुणका_भाकर
गेल्या रेघा! लग्नापासून तसंच पाहत होतो. आजच बहिणीला फोन करून सांगतो.

कापूसकोंडा
यूट्यूबचंही कोणीतरी सांगा ना. माझ्याकडे १०८०पी लावलं की अडकतं, पण नेट चांगलं आहे. मुलगा म्हणतो टॉवर कमकुवत, मला तसं वाटत नाही.

जुना_मदरबोर्ड
ओळखायची खूण सोपी आहे. चित्र थांबून गोल चक्र फिरलं तर नेट. चक्र न फिरता चित्र धक्के खात चाललं तर संगणक. व्हिडिओवर उजवं बटण दाबून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. त्यात 'ड्रॉप्ड फ्रेम्स'चा आकडा वाढत असेल तर मुलाला सांगा, टॉवर निर्दोष आहे. कोडेकच्या ओळीत व्हीपी०९ किंवा एव्ही०१ लिहिलेलं असेल तर कारणही तिथंच आलं.

उपाय: ब्राउझरला एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन जोडा. मग यूट्यूब एच.२६४ मधला व्हिडिओ देतं आणि जुना डिकोडर तो आनंदानं उलगडतो. एच.२६४ मध्ये यूट्यूब १०८०पीच्या वर जात नाही, पण आपल्याला तेवढंच हवं आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' चालू आहे ना तेही पाहा.

गोडबोरी
आणि डिव्हाइस मॅनेजर पाहा. 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स'खाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' लिहिलं असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच बसलेला नाही. मग कुठलाही कोडेक असो, सगळा भार सीपीयूवर. गावाकडे विंडोज नव्यानं टाकून देणारे बरेचदा हे अर्धवट सोडतात. तिथं इंटेलचं नाव यायला हवं. नसेल तर विंडोज अपडेट चालवा. वैनगंगाकाठ, तुम्ही हे फाइल बदलायच्या आधी पाहा, नाहीतर नवी फाइलही अडकेल.

रानमेवा
विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या खाली चालत नाही. अशा संगणकांना लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका. हलकी आहे. एमपीव्ही नावाचा प्लेअर घ्या, त्यात हार्डवेअर डिकोडिंग चालू करा. माझा त्याच काळातला लॅपटॉप अजून धावतोय.

जुना_मदरबोर्ड
रानमेवा, सल्ला चांगला आहे, पण दुसऱ्या पिढीला लिनक्सवरही एचईव्हीसीचा डिकोडर मिळणार नाही. फाइल बदलावी लागेलच. लिनक्सचा वेगळा धागा काढा, तिथं मी नक्की येतो.

वैनगंगाकाठ
मंडळी, कळवायला आलो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये गोडबोरी म्हणाले तेच निघालं. बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर! विंडोज अपडेट चालवलं, ड्रायव्हर आला, आता इंटेल एचडी ग्राफिक्स दिसतं. त्यानंतर मूळ फाइल लावून पाहिली, ती अडकतेच, ते अपेक्षितच होतं.

मग उनाडपाखरू यांनी सांगितलं तसा एक मिनिटाचा तुकडा १०८०पी, ६० फ्रेम, एच.२६४ करून पाहिला. मुद्दाम तो भाग घेतला जिथं ढोलकीचा वेग चढतो आणि सगळे गोल फिरतात. सीपीयू २० टक्क्यांच्या आसपास, लॉस्ट फ्रेम शून्य. थाप आणि पाऊल एकाच क्षणी. आमच्या घरच्यांनी तो एक मिनिट पुन्हा पुन्हा लावायला लावला. आता पूर्ण दंडार तुकड्यांच्या रांगेत टाकली आहे, पळसपान ताईंच्या पद्धतीनं. खर्च शून्य.

एक प्रश्न राहिला. मूळ फोर-के फाइल ठेवू की पुसू? जागा फार खाते.

उनाडपाखरू
पुसू नका! कितीही जागा खाऊ द्या. बदललेली फाइल पाहण्यासाठी आहे, मूळ फाइल ठेवण्यासाठी. एकदा एन्कोड करताना जे तपशील गेले ते कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाहीत. पाच-सात वर्षांनी नवा संगणक येईल तेव्हा हीच फोर-के फाइल हवीशी वाटेल.

गोंडवनी
दुजोरा. आणि दोन ठिकाणी ठेवा. एक बाहेरची हार्ड डिस्क तुमच्याकडे, एक प्रत भाच्याकडे. मोबाइलमधली प्रत मोजू नका, मोबाइल हरवतो, पाण्यात पडतो, विकला जातो.

हे मनापासून लिहितोय. वडसा देसाईगंजच्या नाटक मंडळ्या आज जोरात आहेत, झाडीपट्टीतली नाटकं रात्र रात्र चालतात, पाहणारे लोटतात. दंडारीचं तसं नाही. गावागणिक तिची चाल वेगळी आणि ती लिहिलेली कुठंच नाही, त्या सत्तरीच्या माणसांच्या पायात आहे. तुमच्या भाच्यानं पूर्ण दंडार टिपली, मध्ये न तोडता, हे मोठं काम केलंय. फाइलच्या नावात गाव, वर्ष आणि कोण कोण नाचलं ते लिहा. मोबाइल जे तारखेचं नाव देतो त्यावरून काही वर्षांनी कोणालाच काही कळत नाही.

कापूसकोंडा
एच२६४इफाय लावलं. यूट्यूब सरळ चाललं. मुलाला टॉवरची माफी मागायला सांगितलं आहे.

बैलबंडी
वैनगंगाकाठ दादा, दंडार कुठं पाहाले भेटन? आमच्या गावची त बंद पडली. माझा बुडा नाचे.

वैनगंगाकाठ
बैलबंडी भाऊ, व्यक्तिगत निरोप केला आहे. सगळ्या दंडारकऱ्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर तुम्हाला ७२०पीची प्रत पाठवतो. आणि जमलं तर पुढच्या मंडईला बुडाबाबांना घेऊन या, रात्री मुक्काम आमच्याकडे.

मोहफूल
धागा वाचून एक विचारते. आमच्याकडे पुढच्या महिन्यात शंकरपट आहे. मोबाइलवर आधीच काय सेटिंग ठेवलं म्हणजे नंतर ही सगळी धडपड करावी लागणार नाही?

उनाडपाखरू
मोहफूल ताई, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओखाली 'हाय एफिशियन्सी' किंवा 'एचईव्हीसी' असं लिहिलेलं बटण असतं, ते बंद करा. आयफोन असेल तर सेटिंग्जमधल्या कॅमेऱ्यात 'फॉरमॅट्स'खाली 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. काही मोबाइल फोर-के ६० ला एचईव्हीसीच वापरतात, म्हणून रिझोल्यूशन १०८०पी आणि ६० फ्रेम ठेवा. एचडीआर किंवा १०-बिट असेल तर तेही बंद. फाइल मोठी होईल, तेव्हा आधी मोबाइलमधली जागा रिकामी करा. आणि बैलजोडी सुटण्याच्या आधीच रेकॉर्डिंग चालू ठेवा, सुटल्यावर बटण शोधाल तर शर्यत संपलेली असेल.

मोहफूल
बंद केलं. अंगणातल्या कोंबड्यांवर एक मिनिट टिपून घरच्या जुन्या संगणकावर लावलं, एच.२६४ दिसतंय, अडकत नाही. धन्यवाद.